यादीतलं चौथं नाव

डोंगरसिंगनं त्या सकाळी कोरं धोतर काढलं. त्याच्या बायकोनं, हंसाबाईनं, चुलीसमोरूनच विचारलं, "कोनाच्या लग्नाले चाल्ले?"

"जमिनीच्या," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. असा तो क्वचित हसायचा. थोरला असल्याचं ओझं त्याच्या चेहऱ्यावर कायम असे, आणि ते लोकांना दिसावं याची तो काळजीही घेई.

हसायला कारण होतं. बाप भावसिंग कार्तिकात गेला, त्याला तीन महिने होऊन गेले, तरी पळसतांड्याखालची आठ एकर काळी जमीन अजून मेलेल्याच्याच खात्यावर होती. दारव्ह्याच्या एका वकिलाच्या मुन्शीनं डोंगरसिंगला पहिल्याच भेटीत घाम फोडला होता. कोर्टातून वारस दाखला काढावा लागेल; अर्ज, पेपरात जाहिरात, तारखा, साक्षीदारांची ने-आण; दोन वर्षं सहज धरा आणि खर्चापायी एखादा एकर गेला असं समजा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. डोंगरसिंग शहाणा होता की नव्हता हा वेगळा प्रश्न, पण एक एकर घालवण्याइतका वेडा तो नक्कीच नव्हता.

आणि मग दारव्ह्याला देशकर नावाचे नवे नायब तहसीलदार आले. आठ-दहा एकरांच्या धन्याला वारस लावायला कोर्टात कशाला पाठवायचं, असा त्यांचा रोकडा सवाल होता. लहान मिळकतीचं काम ते गावात येऊन, झाडाखाली बसून, एका बैठकीत उरकत. त्यांची अट सोपी होती. सगळे वारस हजर पाहिजेत, सगळ्यांचं एकमत पाहिजे आणि पंचांच्या मनात शंका नको. एक जरी शंका उरली तरी ते कागद मिटत आणि कोर्टाची वाट दाखवत. आज त्यांची बैठक पळसतांड्यावर होती. पुन्हा येणार ते पावसाळा सरल्यावर.

वारसांची यादी डोंगरसिंगनं आठ दिवसांपूर्वीच पटवाऱ्याकडे दिली होती. सुखीबाई, मयताची बायको. डोंगरसिंग आणि खेमसिंग, मुलगे. तीन नावं. बहिणीचं, धनीबाईचं, नाव त्यात नव्हतं, आणि ते काही विसरून राहिलेलं नव्हतं.

"धनी कुठी हाये?" त्यानं विचारलं.

"पहाटेच बैल दमणीले जुंपून गेली," हंसाबाई म्हणाली. "कोठीतली नवी ज्वारी टोपलीभर उपसली. इचारलं नाई, सांगतलं नाई. जाऊ द्या ना. नसली तं तोंड तरी नाई उघडनार."

डोंगरसिंगला ते पटलं. तरी त्यानं धोतराचा काष्टा दोनदा सोडून पुन्हा खोचला.

काल संध्याकाळचं बोलणं त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. धनीबाई विहिरीवरून घागर घेऊन आली, ओट्यावर ठेवली आणि सरळ विचारलं, "भिया, यादीत माह्यं नाव नाई म्हनते. खरं हाय का?"

"खरं हाये," तो म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. फक्त आपण ठरवलं ते खरंच असतं अशी त्याची समजूत होती.

"काहून?"

"काहून म्हंजे? तू लग्नात बैलावर उभी राह्यली, रडली, तांड्याचा निरोप घेतला. त्या दिवशीच तुह्यं या घरातलं संपलं. आपल्यात रीत हाये ते."

तांड्यातली नवरी निघताना बैलाच्या पाठीवर उभी राहते आणि माहेराला सुरात निरोप देते, ही रीत जुनीच. धनीबाईचा सूर तर लोकांना अजून आठवत होता. ती हसली.

"भिया, बैलावर उभी राहून म्या का मांगतलं, ते तुले याद नाई वाट्टे. माह्या बापाचं घर भरलेलं राहो, म्हनलं. बापाचं घर सोडून देल्लं असं कधी म्हनलं?"

"नवऱ्याच्या घरी जाऊन माग मंग हिस्सा."

"नवऱ्यानं दुसरी आनली. तिच्या हाताखाली भाकरी थापाले मी नाई राह्यली, अन् त्याची मले लाजबी नाई. चार वर्सं झाली. बापूच्या वावरात खपली, बापूचं दुखनं-खुपनं केलं. राहाची खोपडी बी वावराच्या धुऱ्यावरच हाये माही. उद्या तू म्हनशीन, ऊठ, तं मी कुठी उठून जाऊ? मले तुह्या ताटातलं नाई पाह्यजे. कागदावर नाव पाह्यजे, म्हंजे 'ऊठ' म्हनाची कोनाची टाप नाई."

"मी म्हननार हाओ का तुले ऊठ?"

"तू नाई म्हनशीन. तुह्ये पोट्टे म्हनतीन."

हे खरं आहे हे डोंगरसिंगला ठाऊक होतं, म्हणून तो रागावला. धाकटा खेमसिंग ओट्याच्या कडेला बैलाची वेसण वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. खेमसिंगचं असंच होतं. त्याचं मत नेहमी खरं असे, पण ते तो शेवटी सांगे.

*

सुखीबाईला झोप कमीच. पण त्या पहाटे ती अंगणात धनीची वाट पाहत बसली होती, ते झोप नाही म्हणून नव्हे.

आठ दिवसांपूर्वी पटवाऱ्यानं तांड्यावर नोटीस वाचली तेव्हा ती बाजेवर बसून ऐकत होती. 'फकिरा वल्द रूपसिंग, राहणार पळसतांडा, मयत.' ते नाव कानावर पडलं आणि म्हातारी बाजेवरून खाली उतरली. चाळीस वर्षांत ते नाव या अंगणात कोणी उच्चारलं नव्हतं.

त्या नावामागची गोष्ट सासूनं तिला सांगितली होती, चुलीपाशी, हळू आवाजात. सासूची तीन मुलं एकामागून एक गेली. चौथा झाला तेव्हा तांडा लदेणीवर होता, बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या, आणि मुक्काम दारव्ह्याच्या बाजाराबाहेर. कोणीतरी म्हणालं, मूल विका, म्हणजे मरण फसतं. सासूनं पाच दिवसांचं पोर दारव्ह्याच्या एका मुसलमान बाईच्या पदरात टाकलं आणि टोपलीभर ज्वारी देऊन परत विकत घेतलं. नाव ठेवलं फकिरा. पोर जगलं. पुढे सासऱ्यानं ही जमीन घेतली ती त्याच पोराच्या नावावर, कारण जो मरणाच्या हातून सुटला त्याच्या हातची जमीन सुटणार नाही, असा त्याचा हिशेब. लग्नात त्याचं नाव बदलून भावसिंग झालं आणि जुनं नाव घरात उच्चारायचं नाही असं सासूनं बजावलं. मरणाला पुन्हा पत्ता लागू नये म्हणून. तांडा या जागी बसला तो त्यानंतर, आणि बाकीची घरं दुसऱ्या तांड्यांतून आली. त्यामुळे पळसतांड्याला ठाऊक होता तो भावसिंग. फकिरा फक्त पटवाऱ्याच्या दप्तरात राहिला. शेतसारा फकिराच्या नावानं, भरायला येणारा भावसिंग, आणि इतकी वर्षं पटवाऱ्याचं त्यात काही अडलं नव्हतं.

पण हा नवा साहेब विचारील, हे म्हातारीनं ओळखलं. आणि विचारलं तर उत्तर देणारं माणूस जगात एकच उरलं होतं. त्या मुसलमान बाईची मुलगी आयशाबी. पोराला मांडीवर घेतलं तेव्हा बारा वर्षांची होती, आता पंचाहत्तरीची. भावसिंग तिला बहीण मानायचा. दर वर्षी नवी ज्वारी आली की पहिली टोपली दारव्ह्याला तिच्या घरी न्यायचा. मुलांना त्यानं कितीदा म्हटलं, चला. डोंगरसिंगला बाप विकला गेला होता याचीच लाज वाटायची. खेमसिंगला कामं असायची. धनी मात्र लहानपणापासून जायची, आणि बाप अंथरुणाला खिळल्यावर चारही वर्षं एकटी गेली.

धनी बांधावरच्या खोपडीतून आली, तशी सुखीबाई म्हणाली, "दारव्ह्याले जा. तुह्या फुफीले घेऊन ये."

धनीबाईला सगळं समजलं. ती आईसमोर उकिडवी बसली.

"याडी, यादीले तू आंगठा देल्ला?"

"देल्ला."

"माह्यं नाव नाई, ते ठाव होतं तुले?"

"ठाव होतं."

"मंग ज्या कामात माह्यं नाव नाई, त्याच्यापायी म्याच दमणी जुंपाची का?"

सुखीबाईला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मुलांच्या घरात तिला मरायचं होतं, म्हणून तिनं अंगठा दिला होता, आणि हे पोरीला सांगायची तिला शरम वाटत होती. ती एवढंच म्हणाली, "जमीन लागलीच नाई नावावर, तं कोनाचीच नाई राहनार. तुही खोपडी बी नाई."

धनीबाई उठून कोठीकडे गेली.

"रिकाम्या हातानं कशी जाऊ?" ती म्हणाली. "औंदाची टोपली बी राह्यलीच हाये."

*

तांड्याच्या नायकाच्या, देवसिंगच्या, घरासमोरच्या कडुलिंबाखाली टेबल मांडलं होतं. देशकर साहेब बारीक अंगाचे, चष्म्यावरून बघणारे. शेजारी पटवारी दप्तर उघडून. समोर सतरंजीवर पाच पंच आणि मागं सगळा तांडा. पहिली दोन प्रकरणं भराभर उरकली. डोंगरसिंगचा उत्साह वाढत गेला. खेमसिंगच्या कानात तो म्हणाला, "पाहून राह्यला ना? घंट्याभराचं काम हाये. मुन्शी म्हने दोन वर्सं."

"हाव," खेमसिंग म्हणाला.

त्यांचा कागद निघाला. साहेबांनी यादी वाचली. तिघांना उभं केलं. पंचांना विचारलं, हे भावसिंगचे वारस? पंच म्हणाले, होय. साहेबांनी मान डोलावली, पटवाऱ्याचं दप्तर पुढं ओढलं आणि थांबले.

"जमीन फकिरा वल्द रूपसिंगच्या नावावर आहे. हा फकिरा कोण?"

"आमचा बापच, साहेब," डोंगरसिंग म्हणाला.

"तुमचा बाप भावसिंग. तुम्हीच लिहून दिलंय. मरणाची नोंदही भावसिंगचीच आहे."

"लहानपनचं नाव हाये ते."

"तुमचा जन्म व्हायच्या आधीचं?"

"हाव."

"मग तुम्हाला कसं ठाऊक?"

मागं कुणीतरी हसलं. डोंगरसिंगनं नायकाकडं पाहिलं. नायक देवसिंग सरळ माणूस होता, त्यामुळं अडचणीच्या वेळी त्याचा उपयोग नसे.

"आयकलं हाये, साहेब," नायक म्हणाला. "पन आयकलंच हाये. आमी इथी आलो तवा तो भावसिंगच होता."

साहेबांनी सुखीबाईला विचारलं. तिनं पदर तोंडावर घेतला आणि मान हलवून होय म्हटलं.

"आजी, तुमचं म्हणणं मी खोटं मानत नाही," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "पण जमीन तुम्हालाच मिळायची आहे. उद्या कोणी दुसरा उभा राहिला आणि म्हणाला की फकिरा माझा आजा, तर? मला बाहेरचं माणूस पाहिजे, ज्याला यात काही मिळायचं नाही आणि जो फकिराला ओळखत होता. मी काम सोपं करतो, आंधळं नाही करत." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "नसेल तर हा कागद कोर्टाचा आहे."

कोर्ट हा शब्द ऐकून डोंगरसिंगचं कोरं धोतर एकाएकी त्यालाच परकं वाटायला लागलं. त्याला मुन्शीचं तोंड आठवलं आणि जो एकर जाणार होता तो विहिरीजवळचाच असणार हेही डोळ्यांपुढं आलं.

तेव्हा सुखीबाईनं पदर खाली घेतला. "साहेब, अर्धा घंटा थांबा," ती म्हणाली. "मानूस येऊन राह्यलं."

"कोण माणूस?" डोंगरसिंगनं दबक्या आवाजात विचारलं. "याडी, कोन येऊन राह्यलं?"

"जिले तू कधी टोपली नाई नेली, थे."

*

दमणी आली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. धनीबाई पुढं बसून हाकत होती. मागं आयशाबी, पांढऱ्या ओढणीत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दारव्ह्याहून निघायला तिनं एवढीच अट घातली होती की नातू जहीर दुकान बंद करून येणार नाही. धनी हाय ना, मग कायचा जहीर, असं म्हणून ती चढली होती. धनीबाईनं तिला हात धरून टेबलासमोर आणलं. साहेबांनी आपली खुर्ची दिली. तिनं आधी खुर्ची चाचपली, मग बसली.

साहेबांनी आधी तिला अल्लाची शपथ दिली, मग विचारलं, "फकिराला तुम्ही ओळखत होतात?"

"माह्या मांडीवर होता तो," आयशाबी म्हणाली. आवाज पातळ, पण खणखणीत. "पाच दिनाचा. अम्मीनं पदर पसरला, याच्या मायनं टाकला. मंग टोपलीभर ज्वारी देली अन् परत नेला. मी रडली, साहेब. मले वाटे आपल्याच घरी राहीन. अम्मी म्हने, रडू नोको, तुहा भाई हाय, येत जाईन. अन् तो आला. साठ वर्सं आला. दर सालाची पयली टोपली माह्या घरात."

"त्याला भावसिंग म्हणत, हे ठाऊक होतं?"

"कोन भावसिंग? मी फकिराच म्हने. त्याच्या तांड्यातलं नाव मी कायले इचारू?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. 

"बरं. त्याची मुलंबाळं?"

"एक पोरगी. धनी. हेच. लहान होती तवापासून बापाचं बोट धरून ये. तो बिमार पडला तं एकटी ये. आज बी घेऊन आली टोपली. हिचा आवाज मी हजारात ओळखीन."

"आणि मुलगे?"

आयशाबीनं ओढणी सावरली. "दोन हायेत, असं फकिरा सांगे. पन साहेब, माह्या दारात कधी आले नाईत. मी पाह्यले नाई, त्यायचा आवाज नाई आयकला. तुमी मले अल्लाची कसम देल्ली. जे पाह्यलं नाई त्याची कसम कशी खाऊ?"

डोंगरसिंगचा चेहरा उतरला. खेमसिंगनं त्याच्याकडं पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं.

साहेब पंचांकडं वळले. "ही बाई कोण? ही धनीबाई?"

"भावसिंगची पोरगी," नायक म्हणाला, आणि चार पंचांनी मान हलवली.

"म्हणजे पाहा," साहेब पटवाऱ्याशी बोलल्यासारखे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलू लागले. "पंच म्हणतात, ही भावसिंगची मुलगी. आजीबाई म्हणतात, ही फकिराची मुलगी. तेव्हा भावसिंग आणि फकिरा एकच. माझं समाधान झालं. फक्त एक अडचण आहे." त्यांनी यादी उचलली. "या यादीप्रमाणं मयताला मुलगीच नाही. यादी खरी धरली तर ही बाई कोणीच नाही, मग आजीबाईंच्या साक्षीचा तुम्हाला उपयोग नाही. आणि ही मुलगी धरली तर यादी खोटी. डोंगरसिंग, सांगा. कोणतं लिहू?"

डोंगरसिंगनं यादीकडं पाहिलं. त्याची बाजू हंसाबाईनं घेतली. मागून ती म्हणाली, "पोरगी हाये, साहेब, नाई कोन म्हनते? पन लगन झालं. परक्या घरची झाली. आमच्यात पोरीले जमीन नाई देत."

"तुमच्यात देतात की नाही ते मी विचारत नाही," साहेब म्हणाले. "कायद्यानं पाच वर्षांपासून देतात. वारस म्हणजे सगळे वारस. हिला आपला हक्क सोडायचा असेल तर ती सोडील, पण आधी नाव लागेल आणि मग ती स्वतःच्या तोंडानं सोडील. तिच्यासाठी दुसऱ्या कुणी सोडायचं नाही."

हंसाबाई दोन पावलं पुढं आली. तिचा आवाज एकदम गोड झाला. "बाई, भावायसाठी सोडून दे ना. भाऊ का तुले उपाशी ठेवतीन?"

"वयनी," धनीबाई म्हणाली, "आज पहाटे माह्यं नाव नसलेल्या कामासाठी मी चार कोस दमणी हाकली. भावायसाठी जे कराचं होतं ते करून झालं. हक्क नाई सोडत."

तिनं ते इतक्या सहज म्हटलं की पहिल्यांदा कोणाला ते कठोर वाटलंच नाही. मग वाटलं. नंदाबाई, खेमसिंगची बायको, मागं बायकांत उभी होती. तिनं शेजारणीला कोपर मारलं.

आणि तेव्हा खेमसिंग पुढं सरकला. सगळं झाल्यावरच त्याचं मत निघे, पण या वेळी थोडं आधी निघालं.

"लिवा साहेब, चौथं नाव लिवा," तो म्हणाला. "बापूले चार वर्सं हिनंच पानी पाजलं. आमी तं नुसते वारस हाओ. काम हिनं केलं."

"खेम्या!" डोंगरसिंग म्हणाला.

"का खेम्या? तू म्हन, कोर्टात जाऊ. मी नाई येत. दोन वर्सं, अन् एक एकर. अन् तिथी बी हेच इचारतीन, फकिरा कोन. तवा कोनाले आननार? फुफी काय दोन वर्सं तुह्यासाठी बसून राहनार हाये?"

"राहीन मी," आयशाबी खुर्चीतून म्हणाली. "मले काय घाई हाये?" तांडा हसला, आणि तेवढ्यानं कोंडलेली हवा थोडी हलकी झाली.

डोंगरसिंग मात्र हसला नाही. त्याला आता लाज वाटत होती, आणि ती धनीची वाटत नव्हती. बाप दर वर्षी टोपली उचलताना त्याच्याकडं पाहायचा, ते त्याला आठवत होतं. चल म्हणायचा. तो म्हणायचा, बाजारात ज्वारी काय भावानं चाल्ली, ते तरी पाहा. बाप टोपली घेऊन निघायचा. सगळ्या तांड्यासमोर एका परक्या म्हातारीनं नुसतं 'पाह्यले नाई' म्हटलं होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

"डोंगरसिंग," साहेब म्हणाले, "ही तुमची बहीण आहे का?"

"हाये," तो म्हणाला. मग घसा साफ करून पुन्हा, मोठ्यानं, "सख्खी बहीन हाये माही. यादीत चुकून नाई, मुद्दाम नाई लिवलं म्या. आता लिवा."

कागदावर पेन चाललं. साहेबांनी मग धनीबाईकडं पाहिलं.

"आता एक उरलं. आजीबाईंच्या साक्षीतून फकिराचा वारस म्हणून मला फक्त तुम्ही मिळालात. पंच या दोघांना भावसिंगचे मुलगे म्हणतात. फकिराच्या घरचं माणूस म्हणून तुमच्या तोंडून मला ऐकायचंय. हे दोघे तुमचे भाऊ?"

तांड्यातली सगळी माणसं धनीबाईकडं पाहू लागली. तिला ते कळलं. डोंगरसिंगच्या कपाळावरचा घामही तिला दिसला. एका शब्दाची वेळ होती आणि तो तिच्या हातात होता, हे तिला चांगलं वाटलं. ते चांगलं वाटलं म्हणून तिला थोडी शरमही वाटली, पण फार नाही.

"थोरला डोंगरसिंग," ती म्हणाली. "लहानपनी यानं मले खांद्यावर बसवून आडान नदीतून पार केलं. धाकटा खेमसिंग. हे माही याडी. हे माह्या बापाचं घर हाये, साहेब. सगळे लिवा."

साहेबांनी चार नावं मोठ्यानं वाचली. सुखीबाई. डोंगरसिंग. खेमसिंग. धनीबाई. हरकत? कुणाचीच नव्हती. चार अंगठे उठले. सुखीबाईच्या अंगठ्याची शाई पुसायला धनीबाईनं आपला पदर पुढं केला, आणि म्हातारी त्या पदरात तोंड घालून रडली. कोर्टानं दोन वर्षं घेतली असती ते काम दुपारच्या भाकरीच्या आत झालं होतं. पटवाऱ्यानं दप्तर बांधलं आणि नायकाच्या घरचा चहा मागवला.

*

आयशाबीला परत पोचवायचं होतं. नंदाबाईनं तिला भाकरी आणि भाजी वाढली, चार घास खाऊन ती निघाली. धनीबाईनं बैल जुंपले, कासरा हातात घेतला आणि चढायला पाय उचलला, तेवढ्यात कुणीतरी मागून कासरा धरला. डोंगरसिंग होता. कोऱ्या धोतराला आता कडुलिंबाखालची धूळ लागली होती.

"तू बस घरी," तो म्हणाला. "पहाटपासून हाकून राह्यली. मी पोचवतो."

धनीबाईनं कासरा सोडला. तो चढून पुढं बसला आणि बैलांना हाक दिली. तो आवाज आयशाबीच्या ओळखीचा नव्हता. तिनं हात पुढं करून त्याची पाठ चाचपली, खांदा चाचपला.

"हे धनी नाई. तू कोन रे, बाबा?"

डोंगरसिंगनं बैल थांबवले. आपलं नाव सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं. मग त्यानं वळून तिच्या डोळ्यांकडं पाहिलं.

"मी धनीबाईचा भाऊ," तो म्हणाला.